शिखरावरील भूगोलाचा पाठ



प्राथमिक शाळेतील भूगोलाचा आरंभ वर्गाच्या खोलीपासून होतो. मूल प्रथम वर्गाचा आराखडा काढते, पुढे शाळेचा, मग गावाचा, आणि शेवटी तालुका व जिल्हा यांचे नकाशे भरू लागते. हा क्रम योग्यच आहे. परंतु गावाच्या आराखड्यावरून जिल्ह्याच्या नकाशाकडे जाताना मध्ये एक मोठे अंतर राहून जाते. गाव मुलाने पायांनी हिंडलेले असते. जिल्हा त्याने केवळ भिंतीवर टांगलेला पाहिलेला असतो. निळी रेघ म्हणजे नदी व तपकिरी रंग म्हणजे डोंगर, हे त्याने पाठ केलेले असते. प्रत्यक्ष पाहिलेले नसते. हे अंतर भरून काढण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे उंच जागा. शिखरावर उभे राहिल्यावर तालुक्याएवढा प्रदेश एका दृष्टीत मावतो, आणि नकाशा कोणी व कोठून पाहून काढला असेल, हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. सहलीतील शिखर केवळ मौजेचे स्थळ न राहता भूगोलाच्या पाठाची जागा व्हावी, ती याच कारणासाठी.

या दृष्टीने कळसूबाईचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच असून ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. पायथ्याच्या बारी या गावातून वाट चढते व अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. माथ्यावर कळसूबाई देवीचे लहानसे मंदिर आहे. आकाश स्वच्छ असता पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग, दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय, त्यापलीकडे रतनगड व आणखी दूर हरिश्चंद्रगड असा सह्याद्रीचा पट उलगडतो.

माथ्यावर पोहोचताच व्याख्यान सुरू करण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. दमलेल्या मुलांना प्रथम पाणी द्यावे, विसावा द्यावा व दहा मिनिटे नुसते पाहू द्यावे. त्यानंतर नकाशा जमिनीवर पसरून होकायंत्राच्या साहाय्याने त्याची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेशी जुळवावी. पुष्कळ मुलांची समजूत अशी असते की उत्तर दिशा ‘वर’ असते, कारण भिंतीवरील नकाशात ती वर असते. ती समजूत येथे पाच मिनिटांत नाहीशी होते. मग मुलांनी नकाशात भंडारदरा शोधावा व मान वर करून तोच जलाशय डोळ्यांनी शोधावा. हा जलाशय प्रवरा नदीवरील धरणाने निर्माण झाला. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले, आणि खाली सपाटीवर कमी पावसाच्या प्रदेशात उसाचे मळे उभे राहिले ते प्रवरेच्या कालव्यांच्या पाण्यावर. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस व पूर्वेकडे अल्पशा अंतरावर अवर्षणाची भीती, हा पर्जन्यछायेचा धडा मुलांना पुस्तकापेक्षा या ठिकाणी अधिक लवकर उमजेल.

यापुढील प्रश्न दोन थेंबांचा असावा. कळसूबाईची डोंगररांग ही दारणा व प्रवरा यांच्या खोऱ्यांना वेगळे करणारा जलविभाजक आहे. या रांगेच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब कोठे जाईल? तो दारणेस मिळेल व दारणेबरोबर नाशिकच्या खाली गोदावरीत जाईल. दक्षिण उतारावरील थेंब कोठे जाईल? तो रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेस मिळेल आणि अकोले, संगमनेर या गावांवरून, ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्या नेवाशापर्यंत जाईल. हे दोन थेंब पुन्हा एकमेकांस भेटतील काय? मुलांनी नकाशावर बोट फिरवून उत्तर शोधावे. प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीस मिळते. एका रांगेवरून वेगळे झालेले पाणी दोन जिल्ह्यांचा प्रवास करून तेथे एकत्र येते व पुढे पैठणजवळच्या जायकवाडीच्या जलाशयात आणि अखेर बंगालच्या उपसागराकडे जाते. परंतु समोरच्या कुलंग-रतनगडाच्या बाजूस सह्याद्रीची मुख्य धार आहे, आणि तिच्या पश्चिमेस पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळतो. ‘जलविभाजक’ हा शब्द मुलांनी वर्गात दहा वेळा लिहिला तरी जे कळत नाही, ते या एका प्रश्नाने कळते.

वाटेवरचा खडकही बोलका आहे. डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांची दिसते. उभा कडा, मग सपाट पट्टा, पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त लाव्हा वारंवार बाहेर आला, थरांवर थर साचले व थिजले. त्याचाच हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय. चढताना मुलांनी असे थर मोजण्याचा प्रयत्न करावा. तसेच पायथ्याशी व माथ्यावर, दोन्ही ठिकाणी सावलीत तापमापक धरून वेळेसह नोंद करावी. हजार मीटर उंचीमागे तपमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. मुलांची स्वतःची नोंद त्याच्याशी किती जुळते व न जुळल्यास का, यावर वर्गात चर्चा करता येईल.

पायथ्याच्या गावांतील मुलांचा विचार या कामी अवश्य व्हावा. महादेव कोळी व ठाकर समाजांची ही मुले डोंगराच्या सोंडा, पाणवठे, झाडे व पाखरे नावाने ओळखतात. कुडाच्या भिंतींसाठी कारवी केव्हा तोडावी, पाऊस कोणत्या बाजूने चढून येतो, हे त्यांना सांगता येते. बाहेरून आलेल्या शाळेने स्थानिक शाळेशी आधी पत्रव्यवहार करून दोन्हींची मुले एकत्र चढवावीत. जे मूल एरवी पाहुण्यांपुढे बुजून उभे राहते, तेच येथे वाटाड्या होते व प्रश्नांची उत्तरे देते. त्याच्या ज्ञानास शाळेत मान आहे, हे त्यास एकदा कळले की शाळेविषयीचा परकेपणा पुष्कळसा कमी होतो.

देवीची लोककथाही मुलांना याच मुलांच्या तोंडून ऐकू द्यावी. काळसू नावाची मुलगी केर काढणार नाही व भांडी घासणार नाही, या अटीवर एका घरी कामास राहिली. अट मोडली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली व तेथेच राहिली, असे सांगतात. जिने केर काढण्याचे नाकारले, तिच्या माथ्यावर आपण केर टाकून यावयाचे काय, एवढा एकच प्रश्न शिक्षकाने विचारावा. खाऊचे कागद व पिशव्या खाली आणण्यास त्यानंतर वेगळा उपदेश लागणार नाही.

आता सुरक्षिततेविषयी. सहलीसंबंधी शासनाचे जे नियम त्या वेळी अमलात असतील त्यांचे पालन, पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती ही गृहीतच आहेत. पावसाळ्यात खडक निसरडा असतो व लोखंडी शिड्यांवर विजेचे भय असते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. शिक्षकांनी आधी स्वतः एकदा चढून वाट पाहून यावी. इयत्ता सहावीच्या खालील मुलांसाठी गावाजवळची लहान टेकडी पुरेशी आहे. मुलांच्या जोड्या कराव्यात. एक शिक्षक सर्वांच्या पुढे, एक सर्वांच्या मागे असावा, व मागच्या शिक्षकाच्या मागे एकही मूल राहू नये. शिडीवर एका वेळी एकच मूल असावे व खाली एक, वर एक मोठे माणूस उभे असावे. कड्यावर मधमाश्यांची मोहोळे असण्याचा संभव असल्याने धूर, दगडफेक व आरडाओरडा वर्ज्य समजावा. माथ्यावर बसण्याची मर्यादा दोरी टाकून आखावी; दरीकडे पाहावयाचे ते बसूनच, उभ्याने नव्हे. पाणी, मीठ-साखर व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. चढण्यापूर्वी, शिडीच्या दोन्ही टोकांस, माथ्यावर व उतरल्यावर, प्रत्येक वेळी पटावरून नावे घेऊन हजेरी घ्यावी.

परत फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरवून फळ्यावर लिहावी. ती वेळ झाली, ढग दाटून आले, किंवा एखादे मूल थकले, तर माथा समोर दिसत असला तरी परतावे. अर्ध्या वाटेवरूनही धरण, दिशा व खडक शिकविता येतात. न थांबता माथा गाठणारी तुकडी शूर व परत फिरणारी भित्री, असा समज मुलांमध्ये रुजू देणे हा शिक्षणाचा पराभव होय.

प्रकृतीमुळे किंवा अपंगत्वामुळे चढू न शकणाऱ्या मुलास घरी ठेवण्याचा सोपा मार्ग मात्र कोणी स्वीकारू नये. अशा मुलांची तुकडी एका शिक्षकासह, जेथून शिखर दिसते अशा पायथ्याच्या जागी बसवावी. डोंगराची रेखाकृती काढणे, खालच्या तापमानाची दर अर्ध्या तासाने नोंद घेणे, गावातील वृद्धांकडून जुन्या वाटांची माहिती लिहून घेणे, ही कामे त्यांची. ठरल्या वेळी त्यांनी आरशाने सूर्यप्रकाशाचा कवडसा शिखराकडे टाकावा व वरच्यांनी तशाच कवडशाने उत्तर द्यावे. खालच्या नोंदीवाचून वरची नोंद अपुरी आहे, हे मग सर्वांसच पटते.

सहलीनंतर आठवड्याच्या आत दोन्ही तुकड्यांनी मिळून वर्गाच्या भिंतीवर एक मोठा नकाशा काढावा. त्यात दोन थेंबांचे मार्ग, दिसलेली शिखरे, तापमानाच्या नोंदी व स्थानिक मुलांनी सांगितलेली नावे यावीत. पायथ्याच्या शाळेकडे त्याची एक प्रत पाठवावी. ज्यांच्या जवळ कळसूबाई नाही, त्यांच्या शिवारातही एखादी टेकडी, एखादा गड, निदान उंच माळ असतोच. आपल्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीस जाते, हे तेथून पाहण्यास एक सकाळ पुरते. येत्या हिवाळ्यात प्रत्येक शाळेने अशी एक जागा निश्चित करावी आणि त्या पाठाची टाचणे आजपासूनच तयार करावीत.