बॅटरी एक की दोन?

(मंडळाच्या उन्हाळी सहलीच्या तयारीसाठी जमलो होतो, तेव्हा केलेलं हे छोटंसं भाषण. बऱ्याच जणांनी 'लिहून द्या' म्हटलं, म्हणून अंकासाठी.)



'हा संगणकवाला आता गाडीच्या बॅटरीवर काय बोलणार?' असं काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतंय. बरोबर आहे. पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, पोटापाण्याचा धंदा आयटी सल्लागाराचा. पण आमच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅनने एका रविवारी सकाळी जे शिकवलं, ते कॉलेजच्या चार वर्षांत कळलं नव्हतं.

आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. ऑगस्ट महिना. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही हार्त्समध्ये टॉर्फहाउसला पोचलो. समोर ब्रोकेन, मुलं खूश. व्हॅनमध्ये छोटा कॉम्प्रेसर फ्रिज होता आणि त्यात दही, कोथिंबीर आणि बाबांचा तीन महिन्यांचा इन्सुलिनचा साठा. घरी एकटा फ्रिज नको, आपल्या डोळ्यांसमोर राहू दे, हा माझाच शहाणपणा!

रविवारी सकाळी किल्ली फिरवली. टक्... टक्... बस्स. फ्रिजही बंद. बाहेर ऊन तापायला लागलेलं.

शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या आजोबांनी केबल लावून 'श्टार्टहिल्फे' दिली म्हणून निघालो. रविवार असल्यामुळे नोटडीन्स्टवाली औषधाची दुकान शोधत गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की हे आता चार आठवड्यांच्या आत वापरायचं, पुढच्या दोन महिन्यांसाठी परत फ्रिजमध्ये साठवायचं नाही. म्हणजे नवीन डॉक्टर, नवीन प्रिस्क्रिप्शन. बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता हिशोब बघा. फ्रिज 45 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टवर जवळपास 4 अँपिअर. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरलं, तर दिवसाला 45 अँपिअर-तास. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ म्हणजे 36 तासांत 65च्या पुढे. गाडीची बॅटरी होती 70ची! त्यात सुरुवातीची बॅटरी क्षणभर मोठा झटका द्यायला बनवलेली असते, रोज तळापर्यंत उपसायला नाही. फ्रिजवर बॅटरी वाचवणारं 'कट-ऑफ' होतं, पण फ्रिज जास्त वेळ चालावा म्हणून मीच ते सगळ्यात खाली, साधारण 10 व्होल्टवर ठेवलं होतं. तेवढ्यात इंजिन कुठलं सुरू होणार?

घरी आल्यावर सगळं ऐकून आई म्हणाली, "अरे, पिण्याचं पाणी आणि भांड्यांचं पाणी एकाच पिंपात कोण ठेवतं?"

आईचं माहेर लातूर. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते लातूर. तिथे पिण्याचा हंडा वेगळा असतो, आणि कितीही अडलं तरी त्यात कोणी तांब्या घालत नाही. मंडळी, माझं सगळं भाषण या एका वाक्यात आहे!

बाड किसिंगनच्या 'आबेन्टॉयर उंड आलराड' मेळ्याला जाऊन आलं, की आपल्यालाही दोन बॅटऱ्या हव्यातच असं वाटतं. पण दोन बॅटऱ्या नुसत्या तारेने जोडल्या, तर ते एकच मोठं पिंप झालं. दोन्ही एकदमच रिकाम्या होतात. खरी गोष्ट मधल्या झडपेची. जुन्या गाडीत 'ट्रेनरेले' चालतो: इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या. नव्या, युरो 6च्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, तिथे 'लाडेबूस्टर' लागतो. आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवाच. तार घासून शॉर्ट झाली तर आग लागते.

मग सगळ्यांनी दुसरी बॅटरी घ्यावी का? नाही! एखादी रात्र बाहेर, किंवा कॅम्पिंगला विजेचं कनेक्शन मिळणार असेल, तर एकच पुरे. फक्त फ्रिजचं कट-ऑफ वरच्या पातळीवर ठेवा आणि छोटा जंप-स्टार्टर चार्ज करून जवळ बाळगा. तीस किलोचं ओझं कशाला? एडीएसीच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत 40 टक्क्यांहून जास्त वेळा मदत लागली ती 12 व्होल्टच्या बॅटरीमुळे. म्हणून आहे ती म्हातारी बॅटरी थंडीआधी तपासून घेणं, हेच बहुतेकांचं पहिलं काम.

वीज न घेता, गाडी न हलवता एका जागी दोन दिवस राहायचं असेल, किंवा फ्रिजमध्ये औषध असेल, तर मात्र दुसरी घ्या. 100 अँपिअर-तासांची एजीएम घेतलीत तर निम्मीच वापरायची. लिथियम हलकी आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करायची नाही. आणि दहा मिनिटं ब्रोटशेन आणायला गाडी काढल्याने ती भरत नाही. 30 अँपिअरच्या बूस्टरलाही दिवसाचा खर्च भरून काढायला दीड-दोन तास लागतात.

मी शेवटी दुसरी एजीएम बसवली. शिवाय जादा इन्सुलिन आता घरच्याच फ्रिजमध्ये राहतं, बरोबर गरजेपुरतंच. पुढच्या खेपेला आई-बाबा आले, तेव्हा निघताना सीटबेल्ट लावता लावता आईने विचारलं, "हंडा भरलाय ना रे?"

तेवढंच तुम्हीही विचारत जा.