बंदिशाळेंतील पाठशाळा
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं आपल्या नगरच्या किल्ल्याची एक आठवण काढतों. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसचे बारा पुढारी इंग्रज सरकारनें तेथें कोंडून ठेविले. हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी व उडिया इतक्या भाषा त्या एका कैदखान्यांत नांदत होत्या, असें त्यांतीलच पंडित नेहरूंनीं लिहून ठेविलें आहे.

त्या बारांत सरदार वल्लभभाई पटेल होते. तुरुंगाची शाळा कशी करावी, हें त्यांनीं दहा वर्षें आधींच दाखविलें होतें. १९३२ सालीं ते महात्मा गांधींसह येरवड्यास बंदिवान होते. वय छप्पन्न वर्षांचें, हातीं बॅरिस्टरची सनद, पाठीशीं बारडोलीच्या विजयाचा लौकिक. आणि अशा गृहस्थानें तेथें संस्कृत शिकावयास आरंभ केला! पंडित सातवळेकरांचीं पुस्तकें हेच गुरु. रद्दी कागदांचे लखोटे करावे आणि धडाही गिरवावा, असा त्यांचा क्रम. सोबती महादेवभाई देसाई यांच्या रोजनिशींत ही हकीकत नमूद आहे.

आपल्या ख्रिस्तसभेंतील दाखला तर याहून पुरातन आहे. येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले, तेव्हां तिशीच्या घरांत होते. साष्टींतील गांवें हीच त्यांची शाळा. १६१६ सालीं त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें.

सज्जनहो, या दोघांनाही विद्येपेक्षां नम्रता अधिक लागली. मोठ्या माणसानें पुन्हां विद्यार्थी होणें ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं लोकभाषांना उपासनेचें दार उघडलें. मिस्सा मराठींत आली. तथापि आपल्यांतील कित्येक वडील मंडळी प्रार्थना कानांनीं ऐकून पाठ करितात, आणि पुस्तक समोर आलें कीं, “चष्मा घरीं राहिला” असें म्हणतात. चष्मा घरीं राहिलेला नसतो, हें आपण सारे जाणतों.

म्हणून माझी विनंती ही कीं, रविवारीं मिस्सा संपल्यावर अर्धा तास मंदिराच्या ओट्यावर बसावें. नातीनें आजीस अक्षर दाखवावें, आणि आजीनें लाजूं नये. कोठडींत जी शाळा भरली, ती प्रभूच्या अंगणांत कां भरूं नये? महोत्सवाची याहून चांगली भेट मला सुचत नाहीं. प्रभु येशू या कार्यास यश देवो. आमेन.