पुन्हा सोडवा

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



'शाळेने मला काय दिलं' यावर पाच मिनिटं बोलायला मला सांगितलं आहे. मी एका स्वेटरबद्दल बोलणार आहे. तो ज्यांच्यासाठी विणला त्यांना तुम्ही सगळे ओळखता. तुमचे गणिताचे सर, म्हणजे माझे बाबा. शाळेच्या फाटकातून आत आलं की मलाही ते सरच. उत्तर बरोबर असलं तरी एक पायरी गाळली, की वहीत लाल शाईने दोनच शब्द : 'पुन्हा सोडवा'. माझ्या वह्यांत ते तुमच्यापेक्षा जास्तच असतील, कमी नाहीत.

अशा माणसाला भेट काय द्यायची? निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ कपाटात. दिवाळीचे शर्ट घडीसुद्धा न मोडता कपाटात. "चांगलं आहे, ठेवून दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपल्या निफाडकडची थंडी तुम्हाला माहीत आहेच, पारा उतरला की बातम्यांत नाव आपलंच असतं. त्या थंडीत बाबांच्या अंगात वर्षानुवर्षं एकच राखाडी हाफ स्वेटर. आईने विणलेला. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि स्वेटरची खालची बॉर्डर विरली होती.

म्हणून मी ठरवलं, नवा विणायचा. विणकामाच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांची आधीच माफी मागते. "नमुन्याचा तुकडा विणून मोजल्याशिवाय टाके घालायचे नाहीत," हे त्यांनी आम्हा मुलींना किती वेळा सांगितलं असेल! मी तुकडा विणला नाही. पुस्तकातले टाके घेतले, मला आवडणारा मरून रंग घेतला, छातीवर नक्षी घातली. दोन महिने खपले. बाबांनी घातला. छातीत चार इंच सैल. "चांगलं आहे, ठेवून दे."

मी त्या दिवशी रागावले. इतकं राबूनही यांना पसंत नाही म्हणजे काय? मग रात्री भांडी आवरताना लक्षात आलं, की रंग माझ्या आवडीचा, नक्षी माझ्या हौसेची आणि माप पुस्तकाचं. त्यात बाबा कुठे होते?

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा जुना स्वेटर मागितला. ते म्हणाले, "आठ दिवसांत परत. आणि उसवायचा नाही."

तो स्वेटर मी पलंगावर पसरला आणि टेप घेऊन बसले. आईचे हात वाचत होते म्हणा ना. पुस्तकात मुंढा नऊ इंच सांगितलेला, आईने साडेदहा ठेवला होता. आधी वाटलं, चुकला असेल. मग डोळ्यांसमोर फळा आला. सर फळ्याच्या वरच्या टोकापासून लिहायला सुरुवात करायचे, आठवतं? हात वर गेला की अरुंद मुंढ्याचा स्वेटर बगलेत ओढतो आणि कमरेवरून वर सरकतो. आईने हे कधीतरी पाहिलं असणार. कुणाला सांगितलं नाही, दीड इंच वाढवून टाकला.

मग मी तुकडा विणला. आठ नंबरच्या सुयांवर चार इंचांत बावीस टाके आले, म्हणजे इंचाला साडेपाच. छाती अडतीस, वर दोन इंच सैल, एकूण चाळीस. पुढचा भाग वीस इंच. विसांत किती? एकशेदहा, आणि शिलाईचे दोन. सरांचं त्रैराशिक! मागच्या वेळी माझा हात इंचाला पाचच टाके देत होता. अर्ध्या टाक्याच्या फरकाने पुढे दोन आणि मागे दोन, असे चार इंच वाढले होते. एक पायरी गाळली होती, दुसरं काही नाही.

या वेळी राखाडी लोकर, साधी वीण, बॉर्डर दहा नंबरच्या सुयांवर, मुंढा साडेदहा. जुना स्वेटर आठव्या दिवशी परत केला.

नवा घातल्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. कपाटाजवळ गेले आणि हात उंच करून वरच्या फळीवरचा डबा काढला. परत ठेवला. "बगलेत ओढत नाही," म्हणाले. मग चष्मा लावून स्वेटर बघायला लागले. डाव्या बाजूला बोट थांबलं. "इथे सुलट टाक्यांत एक उलटा पडलाय."

पोटात गोळा आला. मी म्हटलं, "द्या बाबा, उसवते. पुन्हा विणते."

ते म्हणाले, "राहू दे."

मित्रांनो, या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द तुमच्यापैकी कुणी ऐकले आहेत?

बाबांना खूश करणं अवघड, असं आम्ही घरात वर्षानुवर्षं म्हणत आलो. अवघड होतं ते त्यांच्याकडे नीट बघणं. ते आईने केलं होतं. मला शिकायला एक मरून स्वेटर लागला.

शाळेने मला काय दिलं, तर एका बाईंनी सुया दिल्या आणि एका सरांनी पुन्हा सोडवायची सवय दिली. आईचा स्वेटर बाबा अजून घरात घालतात. बाहेर जाताना माझा. आज ते पहिल्या रांगेत बसले आहेत. तो उलटा टाका जेवणाच्या वेळी ज्यांना बघायचा असेल त्यांनी जरूर बघावा, फक्त आधी सरांना विचारा.