आधी नोंद तर ठेवा!



जून २०१४ मध्ये पुण्यात, हडपसरला, नमाज पढून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने ठार मारलं. फेसबुकवरच्या पोस्टवरून शहरात तणाव होता. त्या पोस्टशी त्याचा काहीही संबंध नव्हता. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. अम्मीचा फोन आला, "बेटा, दाढी काढून टाक." मी काढली. अशा भीतीची नोंद कुठेच होत नाही, हे समजू शकतो. पण गुन्ह्यांची तरी व्हावी की नाही?

आमच्या कामात साधा नियम आहे. बिघाडाची नोंद झाली नाही, तर तो दुरुस्त होत नाही. २०१७ मध्ये एनसीआरबीने झुंडबळी आणि द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची माहिती गोळा केली होती. या गुन्ह्यांची व्याख्या नाही, आकडे भरवशाचे नाहीत, म्हणून ते काम थांबवलं, असं सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितलं.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०३(२) लागू आहे. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप. त्यात 'धर्म' हा शब्द नाही, ही त्रुटी आहेच. पण व्याख्या नसल्याची सबब तरी संपली.

हा फक्त आपला प्रश्न नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भटक्या समाजातले पाच जण अफवेवरून मारले गेले. २०२० मध्ये पालघरला दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, पीडितांना ३० दिवसांत अंतरिम मदत, खटला शक्यतो सहा महिन्यांत निकाली.

आपल्या मागण्या तीन. नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन प्रत्येक पोलीस ठाण्यात लावा. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांचे आकडे जसे वेगळे छापता, तसे हेही छापा. आणि त्या कायद्याखालच्या जिल्हा दक्षता समितीसारखीच दर तीन महिन्यांनी बैठक घ्या, म्हणजे तणाव वाढण्याआधी हालचाल होईल.

तुम्ही काय कराल? दहा रुपयांचा स्टॅम्प लावून जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नोडल अधिकारी कोण, बैठका किती झाल्या, मदत किती जणांना मिळाली, एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर अपील करा. आणि पोच घ्यायला विसरू नका. निदान आपण विचारलं होतं, याची तरी नोंद राहील.

जय संविधान.