सुट्या भागांचे आयुष्य

शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या चंडीगढ शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी एका विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. ते विमान म्हणजे मिग-२१. १९६३ साली भारतीय हवाई दलाच्या अठ्ठाविसाव्या स्क्वाड्रनमध्ये ते प्रथम दाखल झाले, तेही याच शहरी. पुढे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात अशी शेकडो विमाने तयार झाली आणि त्यांची इंजिने ओडिशातील कोरापुट येथे घडली. बासष्ट वर्षांची ही सेवा पाहून कोणासही वाटेल की, ते यंत्र मोठे चिवट असले पाहिजे. परंतु बासष्ट वर्षे टिकला तो विमानाचा नमुना. एकेक विमान त्याहून फार अल्पायुषी असते, आणि त्याच्या इंजिनातील भाग तर कितीतरी वेळा बदलले जातात. तेव्हा यंत्राच्या एखाद्या भागाचे आयुष्य म्हणजे नेमके काय, आणि तो बदलावा केव्हा, याचा आज थोडा विचार करू.

हे आयुष्य तीन मापांनी मोजतात. पहिले माप तासांचे. बेअरिंग किंवा पिस्टनची कडी जितकी चालेल तितकी झिजते. दुसरे माप आवर्तनांचे, म्हणजे इंजिन किती वेळा सुरू होऊन पूर्ण वेगास पोहोचले आणि पुन्हा थांबले, याचे. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवली की ती अखेर तुटते. त्याचप्रमाणे टर्बाइनच्या तबकडीवर दर उड्डाणास ताण चढतो व उतरतो आणि धातू थकत जातो. तिसरे माप पंचांगाचे. रबराची नळी कपाटात ठेवली तरी म्हातारी होते. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत अनेक भागांपुढे किलोमीटर व वर्षे असे दोन्ही आकडे दिलेले असतात, आणि त्यांतला जो आधी भरेल तो मानावयाचा असतो.

या आकड्याचा अर्थ मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. बेअरिंगचे जे आयुष्य कारखानदार सांगतो, तेवढ्या काळात शंभरांपैकी दहा बेअरिंगे निकामी झालेली असतात व नव्वद शाबूत असतात. म्हणजे तो आकडा समूहाचा आहे. आपल्या हातातले बेअरिंग त्या दहांतले की नव्वदांतले, हे तो सांगत नाही.

मग मुदत भरली की सरसकट सर्व भाग बदलावेत काय? पूर्वी विमान कंपन्या तसेच करीत. १९७८ साली स्टॅनली नौलन व हॉवर्ड हीप या युनायटेड एअरलाइन्सच्या दोघा अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला, आणि त्याने ही समजूत मुळापासून हलवली. विमानाचे जे भाग त्यांनी तपासले, त्यांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या बाबतीत वय वाढल्याने बिघाडाची शक्यता वाढत होती. उलट ६८ टक्के भाग असे निघाले की, नवे बसवल्यानंतरच्या आरंभीच्या काळातच ते बिघडण्याचा संभव सर्वांत अधिक. याचा अर्थ असा की, चांगले चाललेले इंजिन केवळ तारीख आली म्हणून उघडणे म्हणजे पुष्कळदा सुखातला जीव दुःखात घालणे होय.

म्हणून खरा प्रश्न भागाच्या वयाचा नव्हे. हा भाग मोडला तर काय होईल, आणि मोडण्यापूर्वी तो काही सूचना देईल काय, हा खरा प्रश्न. ज्याच्या मोडण्याने केवळ गैरसोय होते, तो मोडेपर्यंत वापरावा. दिवा गेला की नवा लावावा. जो सूचना देतो त्याच्यावर नजर ठेवावी. इंजिनच्या तेलात धातूचे कण येऊ लागले, तापमान चढू लागले, थरथर वाढली, तर ती भागाची बोलीच समजावी. परंतु जो सूचना न देता मोडतो आणि मोडताना सर्वनाश करतो, तो दिसावयास नवा असला तरी मुदत भरताच काढला पाहिजे. टर्बाइनची तबकडी अशी आहे. आपल्या मोटारीतला टायमिंग बेल्टही त्याच जातीचा. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर पडतो.

पण एकट्या आकड्यावर विसंबूनही भागत नाही. १९ जुलै १९८९ रोजी त्याच युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान अमेरिकेतील सू सिटी येथे कोसळले आणि ११२ माणसे दगावली. त्याच्या शेपटीतील इंजिनाच्या पंख्याची तबकडी आकाशात फुटली होती. तिची मुदत १८,००० आवर्तनांची होती. झाली होती १५,५०३. घडणीच्या वेळीच टिटॅनियम धातूत एक दोष राहून गेला होता आणि त्यातून चीर वाढत गेली. ७६० उड्डाणांपूर्वी तपासणी झाली, तेव्हाही ती चीर तपासनिसांच्या नजरेतून निसटली. मुदत आणि नजर, दोहोंचीही गरज असते.

आता पुन्हा मिगकडे वळू. त्याची जागा घेणारी विमाने वेळेवर आली नाहीत आणि त्याला सेवेत राहावे लागले. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ साली संसदेत सांगितले की, हवाई दलाच्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक प्राणांस मुकले. हा आकडा मिगच्या सर्व प्रकारांचा आहे, आणि अपघातांची कारणे मानवी चुका व तांत्रिक दोष अशी दोन्ही होती. सारा दोष जुन्या भागांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि मुदतवाढ या सरकारी शब्दाचा अर्थ समजून घेण्यास हे उदाहरण उपयोगी आहे. पहिली मुदत सावधगिरीने, हात राखून ठरवलेली असते. म्हणून कसून तपासणी व चाचणी करून ती वाढवणे शास्त्रशुद्ध असू शकते. पण नवा भाग उपलब्ध नाही, एवढ्याच कारणाने ती वाढवली, तर वाढ कागदाला मिळते, धातूला मिळत नाही. टिपणीवर सही करणाराने या दोन कारणांतला भेद विसरता कामा नये.

आपल्या घरच्या मोटारीला किंवा शेतातल्या पंपालाही हाच न्याय लागू आहे. कोणता भाग केव्हा बसवला, याची एक वही ठेवावी. काढलेला जुना भाग कारागिराकडून मागून घ्यावा आणि तो कोठे झिजला आहे ते पाहावे. नकली भागांना कोणतीच मुदत नसते, म्हणून ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. बैलगाडीचा जाणता धनी लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी आस आणि धाव हाताने चाचपून पाहत असे. आस मोडली तर गाडीतल्या माणसांचे काय होईल, हे त्याला ठाऊक होते. यंत्रे पालटली आहेत, पण भाग बदलावा की राहू द्यावा हे ठरवताना त्यात बसणाऱ्या माणसाचा विचार आधी करावयाचा, हा त्याचा नियम आजही तितकाच खरा आहे.