घरची आठवण, वृत्तपत्राची साक्ष



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कितीतरी घरांत सांगितले जाते, "मोठ्या दुष्काळात पणजोबा गाव सोडून इकडे आले." पण कोणता दुष्काळ? १८९६-९७ चा की त्याहून भीषण असा १८९९-१९०० चा?

अशा वेळी जुनी वृत्तपत्रे साक्षीला येतात. ऑस्ट्रेलियाचा 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' हे वृत्तपत्रसंग्रह संगणकावर विनामूल्य वाचता येतात. हिंदुस्थानातील दुष्काळाच्या तारा तेथील पत्रांतही छापल्या जात. शोधताना 'बेरार' हे प्रांताचे जुने इंग्रजी नाव वापरावे. जिल्ह्याच्या इंग्रजी नावातील 'एच' हे अक्षर गाळूनही पाहावे.

सामान्य शेतकऱ्याचे नाव तेथे सहसा सापडणार नाही. मात्र त्याच्यावर कोसळलेल्या संकटाचे वर्ष सापडेल. पत्रकार म्हणून एक सांगतो : छापलेले सारे खरे नसते. म्हणून घरातील खरेदीखते, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या यांच्याशी ते ताडून पाहावे. पूर्वजांची थोरवी वाढवण्यासाठी पुरावा वाकवू नये.

आणि आरंभ मात्र आजीपासून करावा. वृत्तपत्र उद्याही वाचता येईल. आजीची आठवण उद्या असेलच असे नाही.