कारखान्यातील अहवाल : कोणी लिहावा, कोणी वाचावा



विषय काय, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा आम्ही 'अहवाल' म्हणालो, आणि ते क्षणभर गप्प राहिले. त्यांचा दोष नाही. अहवाल हा वाचायचा नसतो, फायलीला लावायचा असतो, अशी आपणां सर्वांचीच समजूत आहे. आपणांपैकी जे बँकेत वा नगरपालिकेत असतील ते मान डोलावतीलच.

शब्द मूळचा अरबी. 'हाल' म्हणजे स्थिती आणि 'अहवाल' हे त्याचे अनेकवचन. मराठीत हाल या शब्दाला कोणता अर्थ आला ते आपण जाणता. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सगळे कारखान्याच्या फाटकावर झाले. त्यामुळे ही व्युत्पत्ती कळली तेव्हा आपल्या धंद्याला शब्द मिळाला असे आम्हांला वाटले.

कारखान्यात कागद पुष्कळ. पाळी सुटताना लिहायची पाळीवही, उत्पादनाचा रोजचा तक्ता, दुरुस्ती खात्याची वही, शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल, अपघाताची सूचना, आणि वर्षाअखेर भागधारकांसाठी गुळगुळीत कागदावर छापलेला संचालकांचा अहवाल. या शेवटच्याविषयी एवढेच सांगतो, की तो मागून पुढे वाचावा. पुढच्या पानांवर छायाचित्रे असतात; बोनसच्या वाटाघाटीला उपयोगी पडणारे आकडे मागच्या बारीक टायपात असतात.

आमचा जीव अडकला आहे तो अपघाताच्या कागदात. १९४८ च्या कारखाना कायद्याखालची पद्धत अशी होती, की जखमी कामगार अठ्ठेचाळीस तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर निरीक्षकाला सूचना पाठवावी लागे. यावर तोडगा काय निघाला? आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे : हाताला पट्टी बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी मालकाच्या गाडीतून आणून वेळकचेरीत खुर्चीवर बसविलेला. काम काहीच नाही. चहा मात्र दोनदा. तो हजर, म्हणून सूचना नाही. सूचना नाही, म्हणून अपघातही नाही!

पण एकदा असे झाकता येण्याजोगे नव्हते. एका लहान कारखान्यात, नाव घेत नाही, पॉवर प्रेसवर एका तरुणाची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. अपघाताच्या कागदावर 'कारण' या रकान्यात पर्यवेक्षकाने लिहिले : 'कामगाराने गार्ड स्वतः काढून ठेवला.' पाच शब्द. आपल्याला ते साधे वाटतील. परंतु आमच्या गावाला तेव्हा राज्य विमा योजना लागू नव्हती. भरपाई मागायची ती १९२३ च्या कायद्याखाली. त्या कायद्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईच्या शक्तीची हानी चौदा टक्के धरीत, आणि त्यावरून रक्कम ठरे. आणि त्याच कायद्यात असेही होते, की कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले असेल, तर अशा अंशतः अपंगत्वाबद्दल मालक देणे लागत नाही. म्हणजे त्या पाच शब्दांनी बोट दुसऱ्यांदा कापले.

आम्ही युनियनची माणसे आधी काय केले? फाटकावर घोषणा दिल्या. त्याने काही झाले नाही. मग आमच्यातल्या एकाला आठवले, की रात्रपाळीचा मदतनीस पाळीवहीत काहीबाही खरडीत असतो. वही मागविली. अपघाताच्या नऊ दिवस आधीच्या पानावर, वेड्यावाकड्या अक्षरांत : 'प्रेस ३, गार्डचा बोल्ट तुटला, गार्ड काढून बाजूला ठेवला, फिटरला सांगितले.' खाली पर्यवेक्षकाचीच सही. न वाचता केलेली! भरपाई मिळाली. त्या मदतनिसाने ते कोणाच्या बाजूने वा विरुद्ध लिहिले नव्हते. जे दिसले ते लिहिले होते, आणि ज्या दिवशी दिसले त्याच दिवशी.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजू आम्हांला अजून बोचते. ती ओळ नऊ दिवस वहीत पडून होती. त्या नऊ दिवसांत कोणी वाचली असती, तर भरपाईचा प्रश्नच आला नसता, बोट हातावर असते.

हेच प्रचंड प्रमाणावर कसे होते ते भोपाळने दाखविले. मे १९८२ मध्ये युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी तेथील कारखान्याची सुरक्षापाहणी केली. उपकरणे, काम चालविण्याची रीत वा देखभाल यांतल्या दोषांमुळे विषारी द्रव्य बाहेर पडू शकेल, असे त्यांच्या अहवालात स्पष्ट होते. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांमधल्या रात्री, ते बाहेर पडले आणि हजारो माणसे मेली. धोक्याच्या प्रक्रियांची माहिती मालकाने कामगारांना द्यावी, हे कलम कारखाना कायद्यात आले ते १९८७ साली. लिहिणारे तज्ज्ञ होते, वाचणारे अधिकारी होते; ज्यांच्या फुप्फुसात तो वायू जायचा होता त्यांचा त्या कागदाशी संबंध नव्हता.

आता आमच्या घरातलेही सांगतो, नाहीतर आपण म्हणाल हा मालकांचेच काढतो. युनियनचे वार्षिक अहवाल आम्ही पंचवीस वर्षे लिहिले. त्यांत प्रत्येक सभा खेळीमेळीत पार पडते आणि प्रत्येक लढा यशस्वी होतो. तीन महिन्यांचा एक संप आम्ही साफ हरलो. त्या वर्षीच्या अहवालात 'संप स्थगित करण्यात आला' असे आमच्याच हातचे वाक्य आहे. का हरलो, हे नव्या पोरांना त्यातून कळायचे नाही.

अलीकडे अपघाताचा कागद संगणकावर भरतात. कारणांची यादी तयार असते, बोटाने निवडायची. काही ठिकाणी 'मानवी चूक' सगळ्यांत वर असते. म्हणून आम्ही प्रत्येक खात्यातल्या एका कामगाराला शंभरपानी वही देतो. रकाने पाच : तारीख व वेळ, यंत्राचा नंबर, काय दिसले, कोणाला सांगितले, त्याने काय केले. पहिले तीन माणसे झटपट भरतात. चौथ्यापाशी पेन थांबते, आणि आम्हांला विचारतात, "साहेबांचं नाव लिहायचंच का?" आम्ही म्हणतो, लिहायचेच, आणि शेजारी आपलेही.